‘चालू आहे ना, मग कशाला?’ : आपली दप्तरं एका डिस्कवर टांगली आहेत

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. रस्त्यातले खड्डे, एसटीची बोंब, पाण्याची टाकी यावर आपण नेहमीच भांडतो. आज अशा विषयावर लिहितोय ज्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही. विषय आहे संगणकातली हार्डडिस्क. हसू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात ‘दप्तर झाले डिजिटल’ अशा किती बातम्या वाचल्यात आठवा. नारळ फुटला, फीत कापली, पाहुण्यांनी माऊस हातात धरून फोटो काढला. शाळांची जनरल रजिस्टरं, ग्रामपंचायतीचे नमुना आठचे उतारे, इतिवृत्तं, पतसंस्थांची खातेवही, वाचनालयातली जुनी मासिकं, सगळं स्कॅन झालं. चांगलंच झालं. माझा प्रश्न एवढाच आहे, की ते स्कॅन आज नेमके कुठं आहेत?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, ‘त्या कॉम्प्युटरात आहेत की.’ कुठल्या? ‘त्या कोपऱ्यातल्या.’ दुसरी प्रत? ‘पेन ड्राइव्हवर घेतली होती, पण ती ज्यांच्याकडं होती ते बदलून गेले.’

एका संस्थेत जुन्या नोंदीची प्रत मागायला गेलो होतो. मूळ रजिस्टर विचारलं तर म्हणाले, स्कॅन झाल्यावर माळ्यावर टाकलं, त्याला वाळवी लागली. मग स्कॅनची प्रिंट द्या म्हटलं. तर उत्तर आलं, ‘साहेब, हार्डडिस्क उडाली.’ संपलं. कागदही गेला आणि त्याचा फोटोही गेला. संस्थेचं नाव सांगत नाही. ते सांगून उपयोग नाही, कारण उद्या तुमच्या संस्थेत हेच होणार आहे.

आता कुणी म्हणेल, सातबारा तर ऑनलाइन आहे, डिजिटल सहीचा निघतो. बरोबर. तो राज्य पातळीवरच्या यंत्रणेत आहे, त्याची काळजी घ्यायला मोठी माणसं बसलीत. मी बोलतोय ते त्याच्या खालच्या थराबद्दल. गावात, तालुक्यात, संस्थेत, शाळेत जे तयार होतं आणि तिथंच राहतं, त्याबद्दल.

या खालच्या थराची किंमत किती असते ते आपण २०२३ साली पाहिलं. मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि सगळ्या राज्याचं सरकारी दप्तर उपसायला सुरुवात झाली. कोतवाल बुक, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, शाळेचं जनरल रजिस्टर, जुने हक्कनोंदणीचे कागद. मोडी वाचणारी माणसं शोधून शोधून आणली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी कारकुनानं टाकानं लिहिलेल्या एका शब्दावर आज एखाद्या पोराचं ॲडमिशन ठरतं. आरक्षणावर कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांना मान्य व्हावी. कागद टिकला म्हणून दावा करता आला. ज्यांचा कागद टिकला नाही, त्यांच्या हातात ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं पत्र आलं.

कागद शंभर वर्षं टिकला. आपण ज्यावर तो उतरवून ठेवलाय ती डिस्क किती टिकते? हजारो डिस्क वापरणाऱ्या कंपन्या जे आकडे प्रसिद्ध करतात त्यावरून साधारण शंभरातल्या एक ते दोन डिस्क दरवर्षी बंद पडतात. तेही थंडगार खोलीत, स्वच्छ विजेवर. आपल्याकडं वळवाच्या पावसात वीज कशी येते-जाते ते तुम्हाला सांगायला नको. तालुक्यातल्या सगळ्या कार्यालयांत मिळून दोनशे डिस्क धरल्या, तर वर्षाला दोन-चार जाणारच. कुणाची जाणार एवढंच ठरायचं असतं.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. म्हणणं साधं होतं. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधा आणि माहिती अशी ठेवा, की एखादी गेली तरी काम अडू नये. त्याला ‘रेड’ म्हणतात. इन्कम टॅक्सवाल्यांची रेड नव्हे, भिण्याचं कारण नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवर दोन मोटरी बसवल्या असतील तर एक जळाली तरी उसाला पाणी मिळतं. दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहायचं, याला ‘मिरर’ म्हणतात. एक उडाली तर दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतं. सहा डिस्क असतील तर त्यातल्या कुठल्याही दोन गेल्या तरी चालेल अशीही मांडणी करता येते. मग सहापैकी चार डिस्कइतकी जागा वापरायला मिळते आणि दोन डिस्कइतकी जागा विम्याच्या हप्त्यासारखी बाजूला पडते.

आणि खर्च? चार टेराबाइटच्या दोन डिस्क एखाद्या चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतात. स्कॅन केलेलं एक पान एक मेगाबाइटचं धरलं तर त्यात चाळीस लाख पानं मावतात. आपल्या कितीतरी संस्थांचं अख्खं दप्तर त्यात बसून वर जागा उरेल. बाकी एक बऱ्यापैकी जुना संगणक आणि यूपीएस लागतो. लिनक्स फुकट आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं बनवून २००५ साली खुली केलेली झेडएफएस नावाची साठवणीची पद्धतही फुकट आहे. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सबाजीत याहून जास्त पैसे जातात हे तुम्हीही जाणता.

ही जोडणी करायला किती काम असतं, ते मुद्दाम लिहून दाखवतो. टाइप करताना इंग्रजी अक्षरं लागतात, इथं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत देतो:

झेडपूल क्रिएट दप्तर मिरर पहिली-डिस्क दुसरी-डिस्क

बस्स. एक ओळ. ‘दप्तर’ हे साठ्याचं नाव, ‘मिरर’ ही पद्धत, पुढं दोन डिस्कची नावं. झेडपीचा ठराव व्हायला सहा महिने लागतात, झेडपूलचं काम सहा सेकंदांत होतं. आता हा साठा नेटवर्कवर ‘सांबा’ नावाच्या प्रोग्रॅममधून वाटून द्यायचा (नाव शोलेतल्यासारखं आहे, पण कामाचा आहे). मग कार्यालयातल्या विंडोजवाल्या संगणकांना तो नेहमीच्या ड्राइव्हसारखा दिसतो. क्लार्क मॅडमना काही नवीन शिकावं लागत नाही.

दोन-तीन पथ्यं मात्र पाळावीच लागतात. ही कमांड दिली की त्या डिस्कवर आधी असलेलं सगळं जातं, म्हणून रिकाम्या डिस्कवरच द्यायची. डिस्कचं नाव देताना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असं देऊ नये, कारण संगणक पुन्हा सुरू झाला की ही नावं अदलाबदल होऊ शकतात. डिस्कच्या सिरियल नंबरचं लांबलचक नाव द्यावं आणि तोच नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डिस्कवर चिकटवावा. नाहीतर एक डिस्क बिघडल्यावर चांगली कुठली आणि बिघडलेली कुठली हे कळत नाही आणि माणूस घाईत चांगलीच उपसतो. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एका घाणीतला गूळ एकदमच खराब निघतो.

आता मूळ दुखण्याकडं येतो. आपल्याकडं डिस्क नाहीत, पैसे नाहीत, ज्ञान नाही असं नाही. काही ठिकाणी चार-चार डिस्कच्या महागड्या पेट्या टेंडर काढून घेतल्यात. दुखणं वेगळं आहे.

दोन मोटरींपैकी एक जळाली तर पाणी चालूच राहतं. शहाणा शेतकरी त्याच दिवशी जळालेली मोटर रिवाइंडिंगला नेतो. कारण त्याला माहीत असतं, आता दुसरी जळाली की पीक गेलं. आळशी शेतकरी म्हणतो, ‘चालू आहे ना, मग कशाला?’

आपली कार्यालयं या दुसऱ्या शेतकऱ्यासारखी वागतात. मिररमधली एक डिस्क मेली की साठा बंद पडत नाही. फायली उघडतात, प्रिंट निघतात, साहेब खूश. आत मात्र यंत्रणा ओरडून सांगत असते. ‘झेडपूल स्टेटस’ एवढी कमांड दिली तर समोर येतं ‘डिग्रेडेड’, म्हणजे अपंग झालेला साठा. कुठली डिस्क गेली तेही सिरियल नंबरसकट दिसतं. नवी डिस्क लावून ‘झेडपूल रिप्लेस’ म्हटलं की उरलेल्या डिस्कवरून सगळं नव्यावर उतरवलं जातं. काही तासांचं काम. पण ती कमांड देणार कोण? ती पाटी वाचणार कोण? महिना जातो, वर्ष जातं आणि एक दिवस दुसरी डिस्क जाते. मग सगळे म्हणतात, ‘अहो, चार डिस्कची पेटी होती, तरी कसं गेलं?’

असं गेलं, की पहिली डिस्क कधी मेली हे कुणी बघितलंच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून चोरट्या पावलानं येते. डिस्क चालू असते, पण तिच्यावरचं एखादं पान आतल्या आत सडलेलं असतं. पाच वर्षं ती फाइल कुणी उघडत नाही आणि गरज लागते तेव्हा ती उघडत नाही. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची खूणगाठ बांधून ठेवतं. ‘झेडपूल स्क्रब’ म्हटलं की सगळा साठा वाचून खूणगाठी जुळतात का बघतं आणि जिथं जुळत नाही तिथं दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करतं. महिन्यातून एकदा हे केलं की पुरे. धान्याला ऊन दाखवतो तसंच हे.

‘पण हे कमांड लिहून करायचं म्हणजे अवघड, माऊसनं होत नाही का?’ होतं. पण मी कमांडच्या बाजूनं आहे आणि त्याचं कारण सरकारी माणसाला लगेच पटावं. तोंडी आदेश आणि लेखी आदेश यात फरक असतो की नाही? कमांड म्हणजे लेखी आदेश. कागदावर छापून भिंतीला लावता येतो. आजच्या माणसाची बदली झाली तरी उद्याचा माणूस तोच वाचून काम करू शकतो. माऊसच्या टिचक्या कुठं लिहून ठेवणार?

शिवाय झेडएफएसमध्ये ‘झेडपूल हिस्टरी’ नावाची कमांड आहे. साठा तयार झाला त्या दिवसापासून त्यावर कुठली कमांड कधी दिली गेली याची तारीख-वेळेसह यादी समोर येते. थोडी आणखी विचारणा केली तर कुठल्या युजरनं दिली तेही दिसतं. हा त्या साठ्याचा रोजनामाच आहे. मला शंका आहे की काही लोकांना कमांड अवघड वाटत नाही, ही यादी अवघड वाटते.

एक धोका मात्र सांगून ठेवतो, कारण टेंडरवाली मंडळी इथंच घोळ घालतात. जागा संपली म्हणून साठ्याला एकच सुटी डिस्क जोडायची म्हटलं, तर झेडएफएस नकार देतं. ते सांगतं, आधीची मांडणी जोडीची आहे आणि ही डिस्क एकटी आहे, जुळत नाही. तरीही पुढं ‘एफ’, म्हणजे फोर्स लावून ती घुसवता येते. त्यानंतर ती एकटी डिस्क गेली की अख्खा साठा गेला, जोडीतल्या चांगल्या डिस्कसकट. साहेबांच्या तोंडी दबावाखाली कारकुनानं सही करावी तसं ते फोर्स असतं. बिल निघतं, फोटो निघतो, दप्तर मात्र त्या दिवसापासून वाऱ्यावर असतं.

इतकं सगळं नीट केलं तरी काम निम्मंच झालं हेही स्पष्ट सांगतो. मिरर म्हणजे बॅकअप नाही. आरशासमोर तुम्ही फाइल फाडली तर आरशातलीही फाटते. चुकून डिलीट केलं तर दोन्ही डिस्कवरून डिलीट होतं. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या संगणकांवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि राज्यभरचं कामकाज अडलं. असल्या हल्ल्यात एकाच यंत्राला जोडलेल्या दहा डिस्क असल्या तरी दहाही कुलूपबंद होतात.

आणि आग? २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं. वरचे मजले जळाले, माणसं गेली, फायलींचे ढीग राख झाले. नंतर अनेक महिने फायली पुन्हा उभ्या करायची धडपड चालली होती. ज्यांची दुसरीकडं प्रत होती त्यांचं निभावलं.

आपण मागास म्हणून असं होतं असंही समजू नका. दक्षिण कोरिया म्हणजे संगणकात जगाच्या पुढं असलेला देश. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीला आग लागली. ७०९ सरकारी सेवा बंद झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ज्या साठ्यात होत्या, तो ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. बाहेर दुसरीकडं त्याची प्रत नव्हती. साठा फार मोठा म्हणून बॅकअप घेतला नाही, असं कारण पुढं आलं. आपल्याकडचं साठवण त्याच्या शेकडोव्या हिश्श्याएवढंही नाही, त्यामुळं ती सबबही आपल्याला नाही.

म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी. झेडएफएसमध्ये ‘स्नॅपशॉट’ घेता येतो, म्हणजे त्या क्षणाच्या दप्तराचं न बदलणारं चित्र. ते ‘सेंड’ करून दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर पाठवता येतं आणि पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग जातो, त्यामुळं साधं ब्रॉडबँड पुरतं. पण दुसरं ठिकाण विचार करून निवडा. २०१९ आणि २०२१ चे पूर विसरलात काय? वेदगंगा आणि पंचगंगा वेगळ्या, पण त्यांच्यावर पडणारा पाऊस एकच. एक प्रत नदीकाठी तळमजल्यावर आणि दुसरी कोल्हापुरात पुराच्या रेषेत तळघरात, असं करून दोन प्रती झाल्या म्हणता येणार नाही. आणि तिसरी प्रत तारेपासून सोडवून, कपाटात कुलपात.

आता नेहमीची उत्तरं घेतो.

‘आम्ही क्लाऊडवर ठेवलंय.’ चांगलंय. खातं कुणाच्या नावावर आहे? पासवर्ड कुणाच्या मोबाइलवर येतो? भाडं थकलं तर काय होतं? ही तीन उत्तरं संस्थेच्या कागदावर असतील तर माझी हरकत नाही. ऑपरेटरच्या खासगी ईमेलवर संस्थेचं दप्तर असेल, तर ते संस्थेचं राहिलेलं नाही.

‘आमच्याकडं कंपनीची पेटी आहे, एएमसी आहे.’ मग मागच्या वर्षभरात त्या माणसानं तपासणीचा कागद दिला का? आणि पेटीचं कार्डच जळालं तर तसंच कार्ड मिळेपर्यंत डिस्क कुणी वाचू शकतं का? झेडएफएसच्या डिस्क उचलून दुसऱ्या कुठल्याही तशा संगणकाला लावल्या आणि ‘झेडपूल इम्पोर्ट’ म्हटलं की दप्तर उघडतं.

‘आमच्याकडं जाणकार माणूस नाही.’ हे मला सगळ्यात जास्त लागतं. जे. पी. नाईकांनी ज्या गावात मौनी विद्यापीठ उभं केलं, पुढं जे देशाच्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, त्या गावानं हे बोलावं? पॉलिटेक्निक इथं आहे, कॉलेज इथं आहे. चार ओळींच्या कमांड शिकणारी पोरं घराघरांत आहेत आणि पुण्या-बेंगळुरात जाऊन दुसऱ्यांचे साठे सांभाळतायत. माणसं भरपूर आहेत, त्यांना कुणी विचारत नाही.

आणि ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकावर सगळं ढकलू नका. त्याचं मानधन वेळेवर होत नाही म्हणून तो आंदोलनाला बसतो आणि आपण त्याच्या एकट्याच्या डोक्यावर गावाची पन्नास वर्षं ठेवतो. दप्तराची जबाबदारी पद म्हणून कुणाची तरी असली पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम चार तर अभिलेख सूचिबद्ध करून संगणकावर नीट ठेवा असंच सांगतं. नीट ठेवा याचा अर्थ एका डिस्कवर कोंबा असा होत नाही.

तेव्हा करायचं काय? ओरडून भागणार नाही. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला हे चार प्रश्न विचारा:

१. स्कॅन केलेले अभिलेख किती डिस्कवर, कुठल्या पद्धतीनं ठेवले आहेत?
२. साठ्याची शेवटची तपासणी कुठल्या तारखेला झाली? त्या दिवशीच्या स्थितीची छापील प्रत द्या.
३. दुसरी प्रत कुठल्या गावात, कुठल्या इमारतीत आहे?
४. त्या प्रतीवरून एखादी फाइल परत काढून पाहिल्याची तारीख कोणती?

चौथा प्रश्न सोडू नका. परत काढून न बघितलेला बॅकअप म्हणजे न उघडलेली पेटी, आत काय आहे देव जाणे.

पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायटीत माहितीचा अर्ज चालेलच असं नाही. तिथं वार्षिक सभेत उभं राहून विचारा. आमच्याकडच्या सभा ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळीत पाच मिनिटांत संपतात, म्हणून पहिल्या विषयाच्या आधीच विचारा. तुमचं कर्जाचं खातं, तुमची ठेव, तुमच्या दुधाचा हिशेब त्या डिस्कवर आहे. गेला तर तुमच्या हातात पासबुक तरी आहे का, तेही घरी जाऊन बघा.

ग्रामसभेत एक ठराव मांडा. दर महिन्याला साठ्याच्या स्थितीचा कागद नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं लागतात ना, तसाच हाही लागू दे. ‘ऑनलाइन’ असं दिसलं तर ठीक. ‘डिग्रेडेड’ दिसलं तर गावातल्या पोरानं फोटो काढून इथं टाकावा. पुढचं मी बघतो.

या गावच्या कचेरीवर १९४२ साली चालून जाताना माणसांनी जीव दिला. त्यांचं स्मरण आपण दरवर्षी करतो. ते कोण होते, कुठल्या वाडीचे होते, हे पुढच्या पोरांना कशावरून कळणार? कुठल्या तरी कागदावरून, कुठल्या तरी शाळेच्या रजिस्टरवरून. तो कागद आज कुणाच्या तरी कोपऱ्यातल्या संगणकात असेल, एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क आज चालू असेल.

तुमच्या संस्थेत, शाळेत, ग्रामपंचायतीत काय परिस्थिती आहे ते खाली लिहा. जिथं नीट काम झालंय त्यांचीही नावं सांगा, त्यांचं कौतुक आनंदानं छापू. आणि हे जोडून द्यायला कुणी जाणकार पोरं-पोरी तयार असतील तर तेही कळवा, संस्थांशी गाठ घालून द्यायचं काम माझ्याकडं लागलं.